कोंबडीच्या पिल्लाला जमतं ते

कानाच्या आतल्या इजेचा अभ्यास करायचा तर कोंबडीचं पिल्लू सोयीचं पडतं. ते स्वस्तात मिळतं, भराभर वाढतं आणि त्याचा ऐकण्याचा अवयव सरळसोट, जेमतेम तीन-चार मिलिमीटर लांबीचा असतो. १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या काही प्रयोगशाळांत अशा पिल्लांना मोठा आवाज ऐकवून किंवा जेन्टामायसिन या प्रतिजैविकाची इंजेक्शनं देऊन त्यांचे कान बिघडवले जात होते. इजा झाल्यावर काय काय मरतं आणि कोणत्या क्रमानं मरतं, एवढीच नोंद करायची होती. मेलेलं परत येईल, असं कुणी गृहीत धरलेलं नव्हतं.

१९८७ साली जवळजवळ एकाच सुमारास दोन ठिकाणांहून वेगळीच बातमी आली. डग्लस कोटँच यांनी आवाजानं जखमी झालेल्या पिल्लांचे कान ठरावीक दिवसांच्या अंतरानं इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहिले. जिथल्या आवाज टिपणाऱ्या पेशी मेल्या होत्या तिथेच, अंड्यातल्या गर्भात दिसाव्यात तशा इवल्या कोवळ्या पेशी डोकं वर काढत होत्या. दुसरीकडे राउल क्रूझ, पॉल लँबर्ट आणि एडविन रुबेल जेन्टामायसिन दिलेल्या पिल्लांच्या कानातल्या पेशी मोजत होते. दिवस जातील तसा आकडा खाली यायला हवा, तर काही दिवसांनंतरच्या पिल्लांत तो वर चढलेला. असा आकडा हाती आला की कुणालाही आधी मोजणाऱ्याचीच शंका यावी.

ती शंका पुढच्या वर्षी मिटली. जून १९८८ मध्ये ‘सायन्स’च्या एकाच अंकात दोन निबंध पाठोपाठ छापून आले. एक जेफ्री कॉर्विन आणि कोटँच यांचा, कोंबडीच्या पिल्लांवरचा. दुसरा ब्रेंडा रायल्स आणि रुबेल यांचा, लाव्याच्या जातीच्या कोटर्निक्स पक्ष्यांवरचा. दोघांनीही पक्ष्यांना किरणोत्सारी खूण लावलेलं थायमिडीन दिलं होतं. पेशी दुभंगताना नवा डीएनए बनवते तेव्हा हे थायमिडीन त्यात गुंफलं जातं, आणि ती पेशी इजेच्या आधीची की नंतरची हे त्या खुणेवरून कळतं. खूण नव्या पेशींच्या केंद्रकात सापडली. म्हणजे त्या इजेनंतर जन्मलेल्या होत्या. त्यातही कोटर्निक्स पूर्ण वाढलेले पक्षी होते, त्यामुळे ‘वाढत्या वयाचा परिणाम असेल’ ही पळवाटही बंद झाली.

कॉर्विन यांना हे इतरांइतकं अनपेक्षित वाटलं नसावं. त्याआधी ते शार्क आणि पाकटाच्या जातीच्या माशांचे कान तपासत होते, आणि या माशांच्या कानात अशा पेशींची भर आयुष्यभर पडत राहते, हे त्यांनी दाखवलं होतं.

०००

हातोडी, ऐरण आणि रिकीब ही तीन हाडं शाळेत सगळ्यांना पाठ असतात. कानाचं आपलं शिक्षण बहुधा तिथेच थांबतं. रिकिबीच्या पलीकडे, कवटीच्या अत्यंत कठीण हाडात वाटाण्याएवढी कॉक्लिया असते. तिला सुमारे अडीच वेढे असतात आणि उलगडली तर ती ३५ मिलिमीटरच्या आसपास भरते. तिच्या आतल्या पडद्यावर याच आवाज टिपणाऱ्या पेशींच्या, म्हणजे रोमपेशींच्या, चार ओळी असतात. आतल्या बाजूच्या एका ओळीत सुमारे ३,५००, बाहेरच्या तीन ओळींत सुमारे १२,०००. एका कानाची सगळी पुंजी पंधरा-सोळा हजार. डोळ्याच्या पडद्यावर प्रकाश टिपणाऱ्या पेशी १२ कोटींच्या घरात असतात, हे लक्षात घेतलं की कानाची उधळपट्टी किती महाग पडते ते कळतं.

या पेशींची मांडणी पेटीच्या पट्ट्यांसारखी आहे, फक्त उलट्या क्रमानं. कॉक्लियाच्या तळाशी उंच स्वर आणि टोकाशी खर्ज. प्रत्येक पेशीची जागा म्हणजेच तिचा स्वर. पेशीच्या माथ्यावर ताठ रोमांचा जुडगा असतो. हे रोम उंचीनुसार रांगेत उभे असतात आणि त्यांची टोकं अतिसूक्ष्म धाग्यांनी जोडलेली असतात. आवाजाच्या लाटेनं जुडगा कलला की धागा ताणला जातो, रोमाच्या टोकावरचं दार उघडतं, विद्युतभारित कण आत शिरतात आणि संदेश सुरू होतो. अगदी हलक्या आवाजाला हे रोम एका नॅनोमीटरहूनही कमी कलतात.

आतली ओळ आणि बाहेरच्या तीन ओळी यांची कामं वेगवेगळी आहेत. पुढच्या सगळ्या कथेला याचा संदर्भ असल्यानं ते नीट समजून घ्यायला हवं. मेंदूशी बोलतात त्या आतल्या पेशी. श्रवणाच्या सुमारे ३०,००० चेतातंतूंपैकी जवळजवळ ९५ टक्के त्यांनाच जोडलेले असतात. बाहेरच्या पेशी आवाज वाढवतात. त्यांच्या भिंतीत प्रेस्टिन नावाचं प्रथिन असतं, जे २००० साली पीटर डॅलोस यांच्या गटानं शोधलं. त्याच्या जोरावर त्या सेकंदाला हजारो वेळा आखडतात आणि लांबतात, आणि लाटेला आतून रेटा देतात. त्या गेल्या की ऐकण्याची पातळी ४० ते ६० डेसिबलनं घसरते. कुजबुज नाहीशी होते, ‘श’, ‘स’, ‘फ’ पुसट होतात.

माणसाच्या या सगळ्या पेशी आईच्या पोटातच तयार होतात. त्यानंतर कॉक्लियात एकही नवी पडत नाही.

०००

रोमपेशी कधी एकटी नसते. तिच्या भोवती आणि खाली आधारपेशी असतात. अल्फोन्सो कोर्टी यांनी १८५१ मध्ये या अवयवाचं वर्णन केल्यापासून आधारपेशींकडे टेकू म्हणूनच पाहिलं जात होतं. कोंबडीनं त्यांना कथेच्या मध्यभागी आणलं. पक्ष्याची रोमपेशी मरू लागली की शेजारच्या आधारपेशी तिला बाहेर ढकलतात आणि मोकळी जागा बुजवून टाकतात. मग काही आधारपेशी न दुभंगताच रूप पालटून रोमपेशी होतात. काही आधी दुभंगतात आणि त्यांची लेकरं रोमपेशी किंवा आधारपेशी बनतात, त्यामुळे भांडवलही घटत नाही. हे सगळं काही दिवसांत सुरू होतं.

आधारपेशीला हे जमतं कारण ती रोमपेशीची सख्खी बहीण असते. गर्भात दोघींचा उगम एकच. त्यातल्या काही पेशींत एटोह१ हे जनुक जागं होतं आणि त्या रोमपेशी होण्याच्या वाटेला लागतात. १९९९ मध्ये हुडा झोग्बी यांच्या प्रयोगशाळेनं दाखवलं की हे जनुक काढून टाकलेल्या उंदरांत रोमपेशी बनतच नाहीत. रोमपेशी होऊ घातलेली पेशी शेजारणींना ‘नॉच’ नावाच्या संदेशातून मनाई करते, म्हणून त्या आधारपेशी होतात. पक्ष्यात रोमपेशी मेली की मनाईही उठते आणि शेजारीण तिची जागा घेते.

अशा नव्या पेशींनी खरंच ऐकू येतं का? मेरीलँड विद्यापीठातले रॉबर्ट डूलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये याचं सुरेख उत्तर दिलं. त्यांनी बजरीगर घेतले. आपल्याकडे पिंजऱ्यात ‘लव्हबर्ड’ म्हणून विकले जातात ते छोटे पोपट बहुतेक वेळा बजरीगरच असतात. या पक्ष्यांना विशिष्ट हाक हुबेहूब काढायला शिकवलं होतं. मग त्यांना कॅनामायसिन देऊन रोमपेशी मारल्या. पक्ष्यांचं ऐकणं खालावलं आणि हाकेतला नेमकेपणा गेला. पुढच्या आठवड्यांत नव्या पेशी आल्या आणि ऐकणं सुधारत गेलं. अगदी पहिल्यासारखं झालं नाही, पण हाक पुन्हा जुळली. कान पुरते सावरायच्या आधीच जुळली.

कॅनामायसिन हे नाव मुंबईतल्या क्षयाच्या दवाखान्यांना परकं नाही. नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावर ते वर्षानुवर्षं, महिनोन् महिने रोज टोचलं जात असे. स्ट्रेप्टोमायसिन, जेन्टामायसिन, अमिकासिन, कॅनामायसिन ही सगळी एकाच कुळातली औषधं. जुडग्याच्या टोकावरचं जे दार आवाजानं उघडतं, त्याच दारानं ती रोमपेशीत शिरतात. त्यामुळे ऐकण्याच्या कामात असलेली पेशीच आधी बळी पडते, आणि नुकसान उंच स्वरांपासून सुरू होत असल्यानं रुग्णाला ते उशिरा कळतं. मुंबईच्या पत्रकार नंदिता वेंकटेशन यांचं ऐकणं क्षयाच्या उपचारांत गेलं. दक्षिण आफ्रिकेतल्या फुमेझा तिसिले यांचंही तसंच झालं. बेडाक्विलिन या क्षयावरच्या, तोंडानं घ्यायच्या औषधाच्या पेटंटची मुदत वाढवून मिळावी म्हणून जॉन्सन अँड जॉन्सननं भारतात अर्ज केला होता. या दोघींनी त्याला हरकत घेतली, आणि मार्च २०२३ मध्ये भारतीय पेटंट कार्यालयानं तो अर्ज फेटाळला. जागतिक आरोग्य संघटनेनं त्याआधीच, २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत, कॅनामायसिन वापरू नये असं सांगितलं होतं.

ज्या औषधानं बजरीगराचे कान काही आठवडे बिघडले, त्याच औषधानं माणसाचे कायमचे गेले. प्रयोगशाळांमधली पुढची तीस-पस्तीस वर्षं या फरकाचा जाब विचारण्यात गेली.

०००

पहिलं उत्तर चकवणारं होतं. १९९३ मध्ये, पुन्हा ‘सायन्स’मध्येच, अँड्र्यू फोर्ज आणि मार्क वॉर्कोल यांच्या गटांचे दोन निबंध आले. दोन्हींत कॉर्विन होतेच. गिनीपिगच्या आंतरकर्णात, तोल सांभाळणाऱ्या भागात, जेन्टामायसिनच्या माऱ्यानंतर नव्या रोमपेशींसारखं काहीतरी उगवताना दिसलं. शस्त्रक्रियेत काढलेला माणसाचा तसाच ऊतक प्रयोगशाळेत जगवला, तेव्हा त्यातही थोड्या पेशी दुभंगताना आढळल्या. म्हणजे सस्तन प्राण्यात ही क्षमता मुळातच नाही, असं म्हणता येत नव्हतं. मात्र तोलाच्या अवयवात येणाऱ्या पेशी थोड्या असतात आणि पुरत्या पिकत नाहीत, हे पुढच्या वर्षांत स्पष्ट झालं. ऐकण्याच्या कॉक्लियात तर एवढंही नव्हतं.

२००६ मध्ये लॉस एंजलिसच्या नील सेगिल यांच्या गटानं नवजात उंदरांच्या कॉक्लियातल्या आधारपेशी सुट्या करून वाढवल्या. त्या दुभंगल्या, त्यातल्या काही रोमपेशीही झाल्या. दोन आठवड्यांच्या उंदरांच्या आधारपेशींना मात्र दुभंगता येईना. उंदराचं पिल्लू जन्मतः बहिरं असतं. त्याला साधारण बाराव्या दिवशी ऐकू यायला लागतं. म्हणजे कान कामाला लागायच्या सुमारास ही क्षमता मिटते. माणसाचं मूल आईच्या पोटात असतानाच आवाजाला प्रतिसाद देतं. त्यामुळे उंदराच्या पिल्लाला मिळणारी ही मुदत आपली जन्माआधीच संपलेली असावी.

क्षमता मिटते म्हणजे काय होतं, हेही सेगिल यांच्याच गटानं २०२१ मध्ये बऱ्याच अंशी उलगडलं. रोमपेशी बनवणारी जनुकं आधारपेशीत शाबूत असतात. नवजात उंदरात ती चालू करणारे डीएनएचे पट्टेही तयारीत असतात. जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत या पट्ट्यांवरच्या रासायनिक खुणा पुसल्या जातात. त्यानंतर एटोह१ बाहेरून आणून दिलं तरी त्याला पकड घ्यायला जागा उरत नाही.

निसर्गानं हे का केलं असावं? खात्रीचं उत्तर नाही, पण मला पटतो तो तर्क असा. पक्ष्यांचं ऐकणं आठ-दहा हजार हर्ट्झच्या आसपास संपतं. माणूस वीस हजारांपर्यंत जातो, वटवाघळं लाखाच्याही पुढे. एवढ्या वेगानं थरथरणाऱ्या पडद्यासाठी प्रेस्टिनवाल्या बाहेरच्या पेशी लागतात आणि त्यांना धरून ठेवायला कमालीच्या ताठ, विशिष्ट आकाराच्या आधारपेशी. आपल्या आधारपेशींच्या कडेनं वयाबरोबर प्रथिनांचे जाड पट्टे बांधले जातात. कोंबडीत ते तसे जाड होत नाहीत. या अवयवात एका पेशीची जास्तीची भरसुद्धा महागात पडते. पेशींचं दुभंगणं रोखणारं पी२७ हे प्रथिन काढून टाकलेल्या उंदरांत पेशी जास्त होतात, ओळी विस्कटतात आणि उंदीर बहिरे होतात. ज्या मनाईनं बारीक ऐकणं शक्य केलं, तिनंच दुरुस्तीचा रस्ता बंद केला.

०००

मनाई उठवायचे प्रयत्न आधी दोन वाटांनी झाले : एटोह१ आत घालायचं किंवा नॉचचा आवाज दाबायचा.

मिशिगन विद्यापीठातल्या येहोआश राफाएल यांच्या गटानं २००५ मध्ये औषधानं बहिऱ्या केलेल्या प्रौढ गिनीपिगांच्या कानात विषाणूच्या पाठीवरून एटोह१ पोचवलं. नव्या रोमपेशी दिसल्या, ऐकणंही काहीसं सुधारलं. जगभर मथळे झळकले. आधारपेशी चपट्या होऊन गेल्या असतील अशा फार बिघडलेल्या कानात हा उपाय चालत नाही, हे त्याच गटानं काही वर्षांत सांगितलं. त्याला मथळे मिळाले नाहीत. २०१४ मध्ये नोव्हार्टिसनं अशाच उपचाराची माणसांवर चाचणी सुरू केली. रिकिबीच्या तळाशी छिद्र पाडून औषध आत सोडायचं, तेही ज्यांचं ऐकणं जवळजवळ संपलं आहे अशांच्या कानात. ऐकण्यात म्हणावा असा फरक पडला नाही.

दुसऱ्या वाटेवर २०१३ मध्ये मसाच्युसेट्समधल्या अल्बर्ट एज यांच्या गटानं आवाजानं बहिऱ्या झालेल्या उंदरांना नॉच दाबणारं औषध दिलं, आणि थोडं ऐकणं परत आल्याचं नोंदवलं. युरोपात याच कल्पनेवर लंडन, ट्युबिंगेन आणि अथेन्समध्ये ‘रीगेन’ नावाची चाचणी झाली. कानाच्या पडद्यातून तीन इंजेक्शनं. २०२४ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला : औषध सुरक्षित, पण ठरवलेला टप्पा गाठला नाही.

सर्वांत जास्त गाजावाजा झाला तो तिसऱ्याच वाटेनं गेलेल्या, बॉस्टनजवळच्या फ्रीक्वेन्सी थेराप्युटिक्स या कंपनीचा. जेफ्री कार्प आणि एमआयटीचे रॉबर्ट लँगर यांच्या आतड्यावरच्या कामातून ही कल्पना निघाली. आतड्याचं अस्तर सतत नवं होत असतं आणि त्यामागच्या मूळ पेशींवर एलजीआर५ ही खूण असते. कॉक्लियातल्या काही आधारपेशींवरही तीच खूण सापडली होती. मग दोन रेणूंचं मिश्रण करून त्या पेशींना दुभंगायला लावता येईल का? त्यातला एक रेणू व्हॅल्प्रोइक ॲसिड, म्हणजे फिटच्या आजारावर दिलं जाणारं परिचित औषध. उंदराच्या पेशींत ते जमलं. माणसांवरच्या पहिल्या छोट्या चाचणीत, २३ जणांत, औषध मिळालेल्यांपैकी काहींना शब्द अधिक स्पष्ट ओळखता आले. कंपनी शेअर बाजारात उतरली होती, आणि भाव वर गेला.

मार्च २०२१ मध्ये पुढच्या चाचणीचे आकडे आले. औषध घेतलेले आणि औषधाविना नुसतं दिखाऊ इंजेक्शन घेतलेले यांच्यात फरक नव्हता. त्यात एक विलक्षण बाब होती. निवड होताना ज्यांना शब्द फार कमी ओळखता आले होते, त्यांनाच औषध टोचण्याआधीच्या तपासणीत ते बरेच जास्त ओळखता आले. कंपनीनं सूचित केलं की चाचणीत जागा मिळावी म्हणून काहींनी सुरुवातीला आपलं ऐकणं आहे त्याहून वाईट दाखवलं असावं. हे वाचून मला त्या लोकांचा राग आला नाही. दारात मोफत जादू उभी असेल आणि आत शिरायला थोडं जास्त बहिरं असावं लागत असेल, तर कोण काय करेल सांगता येत नाही. पण कान तपासायची आपली साधनं किती कच्ची आहेत, हे त्यातून उघडं पडलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये नव्यानं, अधिक कडक आखणी करून केलेली चाचणीही फसली. कंपनीनं हा कार्यक्रमच बंद केला आणि वर्षअखेरीस ती वेगळ्याच कामातल्या एका कंपनीत विलीन झाली.

या तिन्ही प्रयत्नांत एक प्रश्न पुरेसा विचारलाच गेला नव्हता, असं आज मागे वळून वाटतं : नवी पेशी कुठली? आतली की बाहेरची? २०२२ मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या हाइमे गार्सिया-अन्योव्हेरोस यांच्या गटानं दाखवलं की टीबीएक्स२ हे जनुक चालू असेल तर पेशी आतली होते, बंद असेल तर बाहेरची. म्हणजे नुसतं एटोह१ देऊन भागत नाही. जनुकं जोडीनं आणि ठरावीक क्रमानं द्यावी लागतील, पुसलेल्या खुणा आधी परत उमटवाव्या लागतील, पेशी नेमक्या जागी उगवावी लागेल आणि चेतातंतूनं तिला ओळखावंही लागेल.

शेवटची अट सर्वांत अवघड आहे. २००९ मध्ये शेरॉन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी उंदरांना असा आवाज ऐकवला की त्यांचं ऐकणं काही दिवस मंदावून पूर्ववत झालं. रोमपेशी सगळ्या जिवंत. पण उंच स्वरांच्या भागात पेशी आणि तंतू यांच्यातले जवळजवळ निम्मे सांधे कायमचे तुटले होते. तपासणीत कान चांगला. ‘ऐकू येतं, पण काय बोलतात ते कळत नाही’ ही लग्नाच्या हॉलमधल्या आजोबांची तक्रार सून-मुलगा हसण्यावारी नेतात; तिच्यामागे अशा तुटलेल्या सांध्यांचा वाटा असू शकतो. ऑडिओग्राममध्ये शिट्टी ऐकू आली की बटण दाबायचं असतं. सांधे किती उरलेत ते त्यात दिसत नाही. जिवंत माणसाच्या कॉक्लियाचा तुकडा काढून पाहणं तर अशक्य, कारण तेवढ्यानंच ती जाते. जे कळतं ते मृत्यूनंतर दान केलेल्या कानांतून. अशा १२० कानांचा अभ्यास लिबरमन यांच्या गटानं २०२० मध्ये प्रसिद्ध केला. उतारवयातल्या बहिरेपणाचं मोठं कारण कानाला वीज पुरवणाऱ्या ऊतकाची झीज आहे, असं पाठ्यपुस्तकं सांगत. या अभ्यासात मोठं कारण रोमपेशी गमावणं हेच निघालं. म्हणजे नव्या पेशी आणण्याचा खटाटोप चुकीच्या दारावर चाललेला नाही.

०००

मधल्या काळात शांघायहून आलेल्या बातमीनं बराच गोंधळ उडवला. जानेवारी २०२४ मध्ये फुदान विद्यापीठाच्या डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’मध्ये जन्मतः बहिऱ्या सहा मुलांवरच्या जनुकउपचाराचा अहवाल दिला, पाच मुलांना ऐकू यायला लागलं. ही खरी, मोठी गोष्ट आहे. पण या मुलांच्या रोमपेशी मेलेल्या नव्हत्या. ओटोफर्लिन हे प्रथिन नसल्यानं त्यांना संदेश पुढे सोडता येत नव्हता. जिवंत पेशीला हरवलेला भाग देणं आणि मेलेल्या पेशीच्या जागी नवी उगवणं यांत फार अंतर आहे. वयानं, आवाजानं किंवा औषधानं ऐकणं गेलेल्यांना या उपचाराचा उपयोग नाही. जगभरात अशा आणि इतर कारणांनी श्रवणदोषावर उपचार-पुनर्वसनाची गरज असलेले लोक ४३ कोटींहून जास्त असल्याचा जागतिक आरोग्य संघटनेचा २०२१ चा अंदाज आहे.

त्या गर्दीत आपण दरवर्षी भर घालतो. ८५ डेसिबलला आठ तास ही कामाच्या ठिकाणची मर्यादा मानली, तर दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो, आणि शंभरला तो पंधरा मिनिटांवर येतो. पुण्यात विसर्जनाला लक्ष्मी रस्त्यावरचा आवाज अभियांत्रिकीचे विद्यार्थी मोजतात. त्यांची सरासरी गेल्या काही वर्षांत कित्येकदा शंभरच्या आसपास गेली आहे, आणि मिरवणूक एक दिवस उलटूनही चालते. ढोलपथकातली विशीतली मुलं पावसाळाभर नदीकाठी सराव करतात. काहींच्या कानात कापसाचे बोळे असतात. कापूस आवाज जेमतेम अडवतो, पण तेवढा तरी घालणाऱ्याला इतरांची टर सोसावी लागते.

प्रयोगशाळांमध्ये सध्या कामाचा रोख बदलला आहे. एकाऐवजी दोन-तीन जनुकं एकत्र द्यायची, प्रौढ उंदराच्या आधारपेशींना आधी काही काळ मागच्या अवस्थेत न्यायचं आणि मग रोमपेशी व्हायला लावायचं, असे प्रयोग चालू आहेत. बॉस्टनमधल्या झेंग-यी चेन यांच्या गटानं प्रौढ उंदरांच्या कानात दुभंगणं पुन्हा सुरू करून दाखवलं आहे. तोलाच्या अवयवात थोडी क्षमता मुळातच शिल्लक असल्यानं माणसातलं पहिलं यश कदाचित तिथे येईल, म्हणजे ऐकण्याआधी चक्कर बरी होईल. मला तरी ते जास्त शक्य वाटतं.

तोपर्यंत हाती आहेत श्रवणयंत्र आणि कॉक्लियर इम्प्लांट. इम्प्लांट रोमपेशींना वगळून बारा ते बावीस इलेक्ट्रोडमधून थेट चेतातंतूला विजेचे संदेश देतं, आणि तेवढ्यावर मुलं बोलायला शिकतात. यातून आईबापांचा एक नवा प्रश्न उभा राहिला आहे : एका कानात इम्प्लांट बसवावं आणि दुसरा कान भविष्यातल्या उपचारासाठी राखून ठेवावा का? इलेक्ट्रोड आत सरकवताना उरलीसुरली रचना दुखावू शकते, म्हणून शंका निराधार नाही. डॉक्टर सहसा वाट पाहू नका असंच सांगतात. आवाज समजून घ्यायला मेंदू पहिल्या काही वर्षांत शिकतो. ज्या बाजूनं त्याला काहीच ऐकू आलेलं नाही, तिथे वीस वर्षांनी नव्या कोऱ्या रोमपेशी उगवल्या तरी त्यांचं बोलणं त्याला कळेलच असं नाही.

आपल्याकडे केंद्र सरकारच्या योजनेतून लहान मुलांना इम्प्लांट मिळतं, आणि मुंबईत वांद्र्याला १९८३ पासून असलेली अली यावर जंग संस्था तिचं काम पाहते. योजनेतून सहसा एकाच कानाचा खर्च होतो, त्यामुळे दुसरा कान राखायचा की नाही हा प्रश्न बहुतेक घरांत पैशानंच सोडवलेला असतो.